अरसाळु ते आगुंबे : मालगुडीच्या वाटेवरचा एक दिवस

सहली नेणं हा माझा व्यवसाय. कोल्हापुरातून दहा-बारा माणसांचा गट घ्यायचा, मिनीबस काढायची आणि कर्नाटकात फिरवून आणायचं. त्यातली मालगुडीची सहल माझ्या जिवाभावाची आहे. आर. के. नारायण यांनी मनात वसवलेलं मालगुडी कुठल्याही नकाशात सापडत नाही. शंकर नाग यांनी १९८६च्या सुमारास ‘मालगुडी डेज’ ही मालिका दूरदर्शनसाठी केली, तेव्हा या गावाला खरी माती, कौलं आणि खरी माणसं मिळाली ती शिवमोग्गा जिल्ह्यात. माझ्यासोबत येणाऱ्या बहुतेकांनी ती मालिका शाळकरी वयात, शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर सतरंजीवर बसून पाहिलेली असते. सहलीतला सर्वांत भरगच्च दिवस शिवमोग्ग्यात सुरू होतो आणि आगुंब्यात संपतो. नोव्हेंबरअखेरच्या अशा एका दिवसाचा हा दिनक्रम.

पहाटे ५

माझा दिवस दृश्यवहीपासून सुरू होतो. मालिका पुन्हा पुन्हा पाहून मी ही वही तयार केली आहे. डाव्या पानावर एकेका दृश्याचं टिपण असतं. पात्र कुठून चालत येतं, त्याच्यामागे काय दिसतं, ऊन कुठल्या अंगाने पडलं आहे, एवढंच. उजवं पान कोरं ठेवायचं आणि जागेवर गेल्यावर जे सापडेल ते तिथे लिहायचं.

चित्रीकरणाची जागा शोधताना झाडांच्या आणि पाट्यांच्या भरवशावर राहता येत नाही. चाळीस वर्षांत झाड वठतं, पडतं, दुकानाचा मालक बदलतो, अंगणावर पत्रा चढतो. म्हणून सहसा न बदलणारं काय आहे ते आधी हेरावं लागतं. रस्त्याचं वळण, मागच्या डोंगराची कड, जोत्याची उंची, पायऱ्या कुठल्या बाजूला उतरतात ते, खांबांमधलं अंतर. या खुणा जुळल्या की जागा जवळपास नक्की होते. उरलेली खात्री गावातल्या जाणत्या माणसांकडून करून घ्यायची.

आज जी पानं लागणार आहेत त्यांत कागदाच्या चिठ्ठ्या घालते. मग दुसरं काम. पाण्याचे कॅन, औषधांची पेटी, सुट्टे पैसे आणि एक कोरं पाकीट पिशवीत आहे ना ते पाहते. त्या पाकिटाचं काम दुपारी येईल.

सकाळी ७

न्याहारीला कडुबू आणि चटणी. तांदळाच्या रव्याचे उकडलेले हे गोळे म्हणजे मलनाडची, म्हणजे या डोंगराळ मुलखाची, नेहमीची न्याहारी. गटातल्या मावशींना आपल्याकडची उकड आठवते आणि त्या आत स्वयंपाक्याला कृती विचारायला जातात. त्यांना कन्नड येत नाही, त्याला मराठी येत नाही, तरी पाच मिनिटांत पाण्याचं प्रमाण घेऊन त्या परत येतात.

तेवढ्या वेळात मी बाकीच्यांना रस्त्यावर घेऊन जाते. हॉटेलसमोर रिक्षा उभ्या असतात आणि त्यांतल्या एखाद-दुसऱ्या रिक्षेवर दाढीवाल्या, हसऱ्या चेहऱ्याच्या एका तरुणाचं चित्र हमखास दिसतं. तेच शंकर नाग. १९८०च्या ‘ऑटो राजा’मध्ये त्यांनी रिक्षावाल्याची भूमिका केली आणि कर्नाटकातल्या रिक्षावाल्यांनी त्यांना आपलं मानलं ते कायमचं. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ आनगोडू इथे मोटार अपघातात ते गेले. वय अवघं ३५. रिक्षेवरचं हे चित्र पाहून मगच प्रवासाला निघावं, असा माझा आग्रह असतो. ज्याने आपल्याला मालगुडी दाखवलं, त्याची ओळख आधी व्हायला हवी.

सकाळी ८

गाडी सुटते. शिवमोग्ग्याहून अरसाळु सुमारे ३५ किलोमीटर आहे. शहर मागे पडलं, रस्ता झाडीत शिरला की मी उभी राहून बोलायला लागते.

शंकर नाग मूळचे होन्नावरच्या बाजूचे, जन्म १९५४चा. तरुणपणी ते मुंबईत आले आणि मराठी रंगभूमीत रमले. अरुंधती राव, पुढच्या अरुंधती नाग, त्यांना मुंबईच्या नाटकांच्या जगातच भेटल्या. चापेकर बंधूंवरच्या ‘२२ जून १८९७’ या नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या मराठी चित्रपटाच्या लेखनात शंकर नाग यांचा वाटा होता. गिरीश कार्नाड यांच्या ‘ओंदानोंदु कालदल्ली’ने १९७८मध्ये त्यांना कन्नड पडद्यावर आणलं. त्यानंतरच्या जेमतेम बारा वर्षांत या माणसाने अभिनय, दिग्दर्शन, नाटक आणि मालिका यांत जे काम केलं, ते पाहून थक्क व्हायला होतं.

मराठी माणसाला मालिकेत आणखीही ओळखीचे चेहरे भेटतात. मालिकेतला शाळकरी नायक स्वामी, त्याचे कडक वकील वडील म्हणजे कार्नाड, ज्यांचा जन्म माथेरानचा. ‘मिठाईवाला’मधला जगन म्हणजे शंकर यांचे थोरले भाऊ अनंत नाग. सुरुवातीच्या नामावलीमागची रेखाचित्रं नारायण यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची. त्यांचा ‘कॉमन मॅन’ मुंबईत घडला आणि त्यांनी अखेरचा श्वास पुण्यात घेतला. एल. वैद्यनाथन यांची ती शीर्षकाची सुरावट मात्र कुणाला सांगावी लागत नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी ती गुणगुणायला लागतं आणि ती गाडीभर पसरते.

सकाळी ९

अरसाळु. मालिकेतलं मालगुडी स्टेशन ते हेच.

शिवमोग्गा ते ताळगुप्पा या मार्गावरचं हे लहानसं स्टेशन. पुढे ताळगुप्प्याला उतरून लोक जोगचा धबधबा पाहायला जातात. चित्रीकरण झालं तेव्हा इथून मीटरगेजची गाडी जात असे. रूळ रुंद झाले आणि स्टेशनची जुनी इमारत कामातून गेली. तिची डागडुजी करून रेल्वेने २०२०मध्ये तिथे मालगुडी संग्रहालय केलं. मीटरगेजच्या जुन्या डब्यांना चहाघराचं रूप दिलं. मालिकेचे कलादिग्दर्शक जॉन देवराज यांचीच मदत घेतली, हे मला फार मोलाचं वाटतं. ज्या हातांनी मालगुडी उभं केलं त्याच हातांनी त्याची आठवण जपली.

सहलीची सुरुवात मी इथूनच करते, त्याला कारण आहे. १९३०च्या सप्टेंबरात, आजीने पाहून दिलेल्या शुभ दिवशी, नारायण बंगळुरात नवी वही घेऊन लिहायला बसले. मालगुडीतलं सगळ्यात आधी त्यांच्या डोळ्यांसमोर आलं ते एक छोटं रेल्वे स्टेशन. शरयू नदी, मार्केट रोड, अल्बर्ट मिशन शाळा, लॉली एक्स्टेंशन हे सगळं पुढे आलं. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ १९३५मध्ये ग्रॅहम ग्रीन यांच्या खटपटीमुळे इंग्लंडात प्रसिद्ध झाली. ती कादंबरी संपते तीही स्टेशनातच. वडिलांची बदली झालेला मित्र राजम आगगाडीत बसलेला आहे, रुसवा अजून मिटलेला नाही, आणि स्वामी त्याला देण्यासाठी अँडरसनच्या परीकथांचं पुस्तक घेऊन धावत आला आहे.

मी गटाला आधी फलाटावर घेऊन जाते, संग्रहालयात नंतर. फलाटावर सगळ्यांना एकाच दिशेला तोंड करून उभं करते. समोर रूळ सरळ जातात आणि दोन्ही बाजूंनी झाडी येऊन भिडते. स्टेशनाच्या आसपास मोठं गाव नाही, बाजार नाही. नातवाला घेऊन आलेले एक काका विचारतात, “ताई, एवढ्या आडबाजूचं स्टेशन का निवडलं असेल?” उत्तर समोरच असतं. मालगुडीत गाडी येणं हीच मुळी बातमी असते. वर्दळीच्या फलाटावर मित्राला निरोप देणारा मुलगा गर्दीत हरवला असता. इथे तो एकटा दिसतो. हे फलाटावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आतली शिल्पं आणि चित्रं पाहायला तासभर देते. मग चहा.

सकाळी १०:४५

रिप्पनपेट, कोणंदूर करत तीर्थहळ्ळीकडे. वाटेत हुंचाचा फाटा लागतो. गटातल्या सांगलीच्या एका ताई हात जोडतात, कारण हुंचाची पद्मावती आमच्या दक्षिण महाराष्ट्रातल्या अनेक जैन घरांचं श्रद्धास्थान आहे. त्यांच्या आजी-आजोबांच्या पिढीपासून हा रस्ता घरात ठाऊक आहे. मालगुडीच्या निमित्ताने आम्ही इथे नवखे म्हणून येतो, पण कोल्हापूर-सांगलीचे पाय या मातीला पूर्वीपासून लागलेले आहेत.

दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा. नोव्हेंबरात सुपारीची तोडणी चालू असते, सोललेली सुपारी अंगणात वाळत घातलेली दिसते. गाडीतला हा लांब टप्पा चर्चेचा. आज ‘गाइड’वरून विषय निघतो.

१९६५चा ‘गाइड’ नारायण यांच्याच कादंबरीवरचा. देव आनंद, वहिदा रहमान, सचिनदेव बर्मन यांचं संगीत, सगळं मनात ठसलेलं. पण दक्षिणेतलं मालगुडी उचलून उदयपूर-जयपूरच्या महालांत नेलं गेलं याचं नारायण यांना दुःख झालं आणि त्यांनी तसं लिहिलंही. निवृत्त बँक अधिकारी असलेले एक सर म्हणतात, “मग आगुंबे तरी कुठे मालगुडीसारखं आहे? पुस्तकातल्या नदीला वाळवंट आहे, आणि हा मुलूख तर धो धो पावसाचा.”

प्रश्न नेमका आहे. मी त्यावर बराच विचार केला आहे. आगुंब्यात मालगुडीचं हवामान नाही, हे खरं. मालगुडीचं माप मात्र आहे. नारायण यांच्या कथांतलं कुठलंही माणूस पायी जाता येईल एवढ्या अंतरावर राहतं. पोस्टमन तनप्पाला कुणाच्या घरी कुठलं लग्न अडलं आहे ते ठाऊक असतं. नगरपालिकेच्या अध्यक्षाने लॉली या इंग्रजाचा पुतळा हलवायचा ठरवला की संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाचं दुखणं होतं. अशा कथांना एक रस्ता, दोन बाजूंची कौलारू घरं आणि एकमेकांना ओळखणारी माणसं लागतात. महाल लागत नाहीत. शंकर नाग यांनी हे माप ओळखलं, आणि म्हणून पाऊस वेगळा असूनही आपल्याला गाव खरं वाटलं.

सर थोडा वेळ बाहेर बघत राहतात, मग म्हणतात, “हे पटलं.”

दुपारी १२:३०

तीर्थहळ्ळी. गावाला वळसा घालून तुंगा वाहते. परशुरामाने इथे परशू धुतला अशी या तीर्थाची कथा आहे, त्यामुळे कोकणातल्या मंडळींना तर माहेरी आल्यासारखं वाटतं.

जेवणात भात, सारू, कोसंबरी, ताक. जेवायला तासच ठेवते, कारण सूर्यास्ताआधी आगुंबे नीट पाहून व्हायला हवं. तेवढ्यात या तालुक्याबद्दल थोडं सांगते. कन्नड कवी कुवेंपु यांचं कुप्पळ्ळी याच तालुक्यातलं. कादंबरीकार यू. आर. अनंतमूर्तींचं मेळिगे इथलंच. चित्रपट दिग्दर्शक गिरीश कासरवळ्ळीही इथलेच, आणि मालिकेत स्वामीची आई झालेल्या वैशाली कासरवळ्ळी त्यांच्या पत्नी. कुणीतरी कुप्पळ्ळीला जाऊ या म्हणतं. कुवेंपुंच्या घराला आणि तिथल्या कविशैल टेकडीला घाईघाईत भेट द्यायची नसते, त्यासाठी उद्याची सकाळ राखून ठेवली आहे.

दुपारी २

आगुंब्याच्या वाटेवर मी गाडी एका सावलीत थांबवते. दिवसभरातलं माझं सर्वांत महत्त्वाचं काम इथे, या दहा मिनिटांत होतं. स्वामीचं घर म्हणून मालिकेत दाखवलेला वाडा, दोड्डमने, हे आजही एका कुटुंबाचं राहतं घर आहे. तिथे कसं वागायचं ते मी इथेच सांगते. दारात उभं राहून सांगितलं तर घरच्यांच्या कानावर पडतं आणि ते बरं दिसत नाही.

चपला बाहेर. देवघर आणि स्वयंपाकघर यांच्याकडे बोलावल्याशिवाय वळायचं नाही. घरातल्या माणसांचा फोटो विचारून. ‘तो सीन कुठे झाला, तो सीन कुठे झाला’ असं एकामागून एक विचारत सुटायचं नाही. आधी त्यांची विचारपूस करायची. घरात कुणी आजारी असेल, कुणी विश्रांती घेत असेल, तर ओसरीवरून नमस्कार करून परत फिरायचं आणि त्याबद्दल कुरकुर करायची नाही.

मग ते पाकीट फिरवते. या घराची रीत अशी की आल्यागेल्याचं अगत्य होतं आणि त्याचा दर कुणी सांगत नाही, ज्याला जे द्यावंसं वाटेल ते त्याने द्यावं. ही रीत ऐकायला सुंदर आहे, पण तिची जबाबदारी पाहुण्यावर येते. दारात पाकीट चाचपत उभं राहणं कुणालाच नको वाटतं, म्हणून प्रत्येकाने आपल्या इच्छेने जे द्यायचं ते गाडीतच पाकिटात घालावं. कुणी किती घातलं ते मी पाहत नाही. निघताना ते एकत्र, दोन्ही हातांनी द्यायचं.

काकांचा दहा वर्षांचा नातू विचारतो, “म्हणजे तिथे शूटिंगचं काहीच ठेवलेलं नाही?”

“घर आहे की,” मी म्हणते. “शूटिंगवाले ते थोड्या दिवसांसाठी मागून घेऊन गेले होते.”

दुपारी ३:१५

आगुंबे. उंची साडेसहाशे मीटरच्या आसपास, आणि वर्षाचा सरासरी पाऊस साडेसात हजार मिलिमीटरच्या घरात. आपल्या आंबोलीला ज्यांनी पावसाळा काढला आहे त्यांना या आकड्याची कल्पना येईल. १९४६च्या एकट्या ऑगस्टमध्ये इथे साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाल्याची नोंद आहे. आता मात्र आभाळ निवळलेलं. नागराजाच्या, म्हणजे किंग कोब्राच्या, अभ्यासासाठी रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५मध्ये स्थापन केलेलं वर्षावन संशोधन केंद्रही आगुंब्यातच आहे. रानवाटांवर एकट्याने शिरू नका, हे मी इथे ठणकावून सांगते.

मुख्य रस्त्याने आम्ही सगळे पायी चालतो. दृश्यवही उघडी. डोंगराची कड, रस्त्याचा उतार, घरांची रांग जुळवत जायचं. मालिकेत चौकात सर फ्रेडरिक लॉलीचा पुतळा दिसतो. जॉन देवराज यांनी घडवलेला तो पुतळा चित्रीकरणापुरता होता, तो शोधायला जाऊ नये. माणसं मात्र शोधावीत. त्या काळात सगळं गावच मालिकेत उतरलं होतं. बाजारातली गर्दी, शाळेतली मुलं, रस्त्याने जाणारे-येणारे, यांत आगुंब्याचे लोक होते.

एका दुकानाच्या बाकावर बसलेल्या आजोबांना मी वहीतलं टिपण दाखवते, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये प्रसंग सांगते. ते उठून चार पावलं चालतात, मान वळवतात आणि बोटाने दाखवतात. गाडा इथून आला, कॅमेरा तिथे होता, आम्ही मुलं त्या कट्ट्यावर बसून होतो, आरडाओरडा करू नका म्हणून शंकरण्णांनी आम्हाला समजावलं होतं. ‘शंकरण्णा’ म्हणजे शंकरदादा. इथे त्यांना याच नावाने हाक मारली जाते. मी उजव्या पानावर लिहून घेते. आमच्या गटातल्या मावशी आजोबांना विचारतात, “तुम्ही दिसता का त्यात?” मी कन्नडमध्ये सांगते. आजोबा म्हणतात, दिसतो, पण पाठमोरा.

हे असं एक वाक्य मिळावं म्हणून मी ही सहल नेते.

दुपारी ४:१५

दोड्डमने, म्हणजे मोठं घर. शंभर वर्षांहून जुना हा वाडा बाहेरून लांबट आणि बुटका दिसतो. आत पाऊल टाकलं की मधला चौक उघडतो, वरून आभाळाचा चौकोन आणि त्याच्याभोवती कोरीव लाकडी खांबांची ओळ. पावसाच्या मुलखातली ही बांधणी पाहण्याजोगी आहे. छपराचा उतार चौकाच्या दिशेने आत येतो, पागोळ्या चौकात पडतात आणि तिथून पाणी बाहेर जातं. चारही बाजूंच्या ओसऱ्या कोरड्या राहतात, त्यामुळे महिनोन्महिने पाऊस लागला तरी घरातलं काम चालू राहतं.

हा चौकच शंकर नाग यांच्या कामी आला असणार, असं मला दरवेळी वाटतं. वरून येणारा उजेड दिवसभर मिळतो. एका ओसरीवर आजी, दुसरीवर वडील, मधून धावणारा स्वामी, असं सगळं घर एका नजरेत मावतं. स्वामी झालेल्या मास्टर मंजुनाथला या घरात नुसतं धावायला सांगितलं की दृश्य तयार.

घरची मंडळी कषाय देतात. धणे-जिरे आणि आणखी मसाल्यांचं दूध घातलेलं हे गरम पेय मलनाडच्या घरांत पाहुण्याला चहाच्या जागी मिळतं. सगळे ओसरीवर बसतात. सांगलीच्या ताई घरातल्या बाईंशी सुपारीच्या भावाबद्दल बोलतात, मी मध्ये बसून दोन्ही बाजूंचं भाषांतर करते. यंदा पाऊस लांबला, सुपारीवर रोग पडला, कामाला माणसं मिळत नाहीत. मालिकेचा विषय बऱ्याच वेळाने निघतो, आणि तोही त्यांच्याकडून. कुठल्या खांबाला टेकून कोण बसायचं, ते त्याच सांगतात.

नातू चौकाच्या कडेने एक चक्कर मारतो, मग दुसरी. घरातले कुणीतरी त्याला हसून खुणेने सांगतात, धाव. तो धावतो.

निघताना पाकीट देते. दोन्ही हातांनी.

संध्याकाळी ५:३०

सूर्यास्ताची जागा गावाबाहेर, घाटाच्या माथ्यावर. इथून पुढे रस्ता चौदा वळणं घेत सोमेश्वराकडे उतरतो आणि उडुपीला जातो. घाट अरुंद आहे, अवजड वाहनांना बंदी असते, म्हणून मी गटाला घेऊन खाली उतरत नाही. हवा स्वच्छ असली तर पश्चिमेला अरबी समुद्राची रेघ दिसते. आज दिसते.

या जागेचं मालिकेशी थेट नातं मी सांगत नाही. इथे माझं काम गप्प बसण्याचं, माणसं मोजण्याचं आणि कुणी कठड्यावर चढणार नाही हे बघण्याचं. सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. उजेड झपाट्याने जातो, त्यामुळे सगळ्यांना लगेच गाडीत बसवते.

संध्याकाळी ७:३०

मुक्काम आगुंब्यातच, एका घरगुती निवासात. जेवणाआधी भिंतीवर चादर लावून आम्ही मालिकेचा एक भाग पाहतो. माझ्या ओळखीतले काही सहलवाले भाग आधी दाखवतात आणि मग जागा. मी उलट करते. आधी पाहिलं की माणूस जागेवर जाऊन फक्त पडद्यावरचं शोधतो, बाकीचं त्याला दिसत नाही. आधी जागा पाहिली, तिथल्या माणसांशी बोलणं झालं, कषाय पोटात गेलं, की पडदा वेगळा दिसायला लागतो.

आज ‘हीरो’. हिंमत असेल तर माझ्या ऑफिसच्या खोलीत एकटा झोपून दाखव, असं वडील स्वामीला बजावतात, तो भीतीने अर्धमेला होतो आणि त्या रात्री योगायोगाने त्याच्या हातून चोर पकडला जातो. घर पडद्यावर आलं आणि खोलीत एकदम कुजबुज सुरू झाली. तो खांब. ती ओसरी. मावशी म्हणाल्या, “अगं, आपण बसलो होतो ना तिथे आजी बसली आहे.” कार्नाड चौकाच्या कडेने चालत जातात तेव्हा सर म्हणाले, “त्या बाई सांगत होत्या तसंच.” आपण पाहत असलेली कथा कुणाच्या तरी घरात घडते आहे, आणि त्या घराला कथेबाहेरही सुपारी, पाऊस आणि माणसांची काळजी आहे, हे एकदा कळलं की कथा उणावत नाही. तिला वजन येतं.

शंकर नाग यांनी ३९ भाग केले. पुढे २००४मध्ये कविता लंकेश यांनी मालिका पुन्हा हाती घेतली आणि नवे भाग आले. मुलांनी ते सगळे पाहावेत असं मी पालकांना आवर्जून सांगते. त्यात चांगलं-वाईट ओरडून सांगितलेलं नाही. भित्रा मुलगा भित्राच राहतो, आणि तरी आपल्याला तो हवासा वाटतो.

रात्री ९:३०

जेवणं झाली. चालकदादांना उद्याची वेळ सांगून झाली, सकाळी ८, कुप्पळ्ळी. डिझेल, जेवण, संग्रहालय, चहा, असा हिशेब लिहून टाकला. उद्या दुपारी जिथे जेवायचं त्यांना फोन झाला.

शेवटी दृश्यवही. आजोबांनी सांगितलेलं सविस्तर लिहिते. बाजाराच्या दृश्याचं माझं टिपण आता पूर्ण झालं आहे, पोस्टमनच्या रस्त्याचं अजून अर्धं आहे. त्यासाठी कुणाला भेटायचं ते आजोबांनीच सुचवलं, तेही लिहून ठेवते. त्या काळी गर्दीत उभी राहिलेली मुलं आता साठीकडे झुकली आहेत. त्यांना विचारायची हीच वेळ आहे आणि हे काम पुढच्या दर सहलीत थोडं थोडं व्हायला हवं.

स्वतःच्या गाडीने या वाटेला येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. अरसाळुपासून सुरुवात करा. पावसाळा संपल्यावर या. आगुंब्यात किमान एक रात्र राहा. मालगुडी पाहायला आलात तरी बोलायचं आगुंब्याशी, कारण नारायण यांच्या कल्पनेतल्या गावाला राहायला जागा दिली ती या माणसांनी, आणि त्यांनी तिचं भाडं कधी मागितलं नाही. आपण जाताना त्यांचं अगत्य, त्यांचा वेळ आणि त्यांचं घर जसं मिळालं तसं जपून ठेवलं, तर पुढच्या माणसालाही ते दार उघडं मिळेल.